व्याख्यानाचा पूर्वार्ध

मामांच्या टोळीत एक शब्द असा होता, की तो कुणीही उच्चारला तरी काम जागच्या जागी थांबायचं. तो शब्द म्हणजे ‘टेकव’.

टोळी सामान हलवणाऱ्यांची. लोकांचे संसार, दुकानं, दवाखाने एका जागेवरून उचलायचे, दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचे आणि मधले जिने ज्याने बांधले त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढायची, असा एकंदर व्यवसाय. जिन्यात जड वस्तू हातात असताना चौघांपैकी कुणाच्याही तोंडून ‘टेकव’ निघालं, की बाकीच्यांनी ती वस्तू होती तिथे, होती तशी खाली टेकवायची. का, असं विचारायचं नाही. सगळ्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत तर मुळीच नाही. आणि पाणी पिऊन झाल्यावर बहुधा विचारायची गरजच उरत नसे. ज्याच्या हाताला रग लागलेली असे त्याची रग जिरलेली असे. ज्याचा पाय भलत्या पायरीवर पडलेला असे त्याने तो मुकाट्याने हव्या त्या पायरीवर आणलेला असे. हा नियम कधी केलात, असं कुणी विचारलं तर मामा म्हणत, “केला नाही. झाला.” कसा झाला ते सांगत नसत. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं, त्याचा याच्याशी काही संबंध असावा असा टोळीचा कयास होता.

नियम म्हटला की त्याचा गैरफायदा घेणारा आलाच. इथे तो वकील होता. वकिलाचा कोर्टाशी कधी संबंध आला नव्हता. पण तो बंद दाराशीही वाद घालू शकत असे आणि पुष्कळदा दार हरत असे, म्हणून वकील. नाकावर माशी बसली तरी हा ‘टेकव’ म्हणायचा. मग भलं मोठं कपाट जिन्यात विसावायचं, वकील सावकाश माशी हाकलायचा, सगळे पाणी प्यायचे आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. तिसरा पैलवान. दोरीवर वाळत घातल्यासारखी अंगकाठी, पण फ्रीज एकटा पाठीवर घेई. ट्रकही तोच चालवायचा.

आणि भाचा. भाचा हा मामांचा खराखुरा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. मिसरूड फुटायच्या आधी टोळीत आला, तेव्हा सगळे त्याला भाचा म्हणू लागले. आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, डोक्यावरचं छप्पर निम्मं उडालं, तरी तो जगाचा भाचाच होता. त्याच्याहून पुष्कळ लहान असलेला पैलवानही त्याला भाच्या म्हणून हाक मारी. गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर ‘ते भाचे आहेत का’ असं आदराने विचारत.

मामांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मुकादमकी भाच्याला दिली. एखाद्याने गुडघे गेल्यावर उचलायचं सोडून नुसतं सांगायचं काम ठेवलं असतं. मामांनी उलट केलं. सांगायचं सोडलं, उचलायचं ठेवलं. ट्रक आणि धंदा ज्यांचा, त्या मालकीणबाईंनी नवल केलं, तेव्हा म्हणाले, उचलायला फक्त गुडघे लागतात, सांगायला जे लागतं ते जास्त झिजतं.

भाचा मुकादम झाला, म्हणजे कागदोपत्री झाला. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून तो ‘उचला’ म्हणे. वकील आणि पैलवान वस्तूला हात घालत, मग दोघंही मामांकडे बघत. मामा मान हलवत. मग वस्तू उचलली जाई. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपायचा, पण भाच्याला तो दिवसभर दिसत राही. रात्री पाठ टेकली की त्याला वाटे, मामा आहेत तोवर आपण भाचे, आणि मामा नसतील तेव्हा आपण मामांचे भाचे. मुकादम व्हायला मधे कुठे फट आहे ते त्याला सापडत नव्हतं.

अशा मनःस्थितीत त्याला व्याख्यान भेटलं.

मुद्दाम गेला नव्हता. एका ग्रंथालयातलं जुनं कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं काम होतं. टोळी पोचली तर शेजारच्या सभागृहात कार्यक्रम सुरू झालेला. ग्रंथपालांनी तोंडावर बोट ठेवून चौघांना मागच्या रांगेत बसवलं. मंचावर एक लेखिका बोलत होत्या. वय झालेलं, आवाज बारीक, पण बोलणं असं की मधे खोकायची चोरी. त्यांनी तरुणपणी बर्फाळ डोंगरांत मोजमापं घेणाऱ्या तुकडीचं नेतृत्व केलं होतं आणि गट कसा चालवावा यावर आता पुस्तक लिहिलं होतं. पैलवान पाचव्या वाक्याला झोपला. मामा छताचे वासे बघत होते. ते कुठेही गेले तरी छत आणि जिना बघत. भाचा मात्र पुढे सरकून बसला.

“सपाट रस्त्यावर कुणीही पुढारी होतो,” बाई म्हणाल्या. “बर्फावर नाही. पायाखाली काय आहे ते दिसत नसतं. म्हणून माझा नियम होता, गटाला तोंड एकच. बाकीच्यांनी चालायचं.”

भाच्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे ठसठसत होतं त्याला कुणीतरी नाव दिलं होतं. मामांच्या टोळीला चार तोंडं होती, त्यांतलं एक माशा हाकलण्यासाठी उघडत होतं. बाईंनी मग तो नियम लागू केल्यावर तुकडी कशी झपाझप चालू लागली, कुरबुरी कशा थांबल्या, ते रंगवून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, त्या नियमाचं पुढे काय झालं ते चहानंतर.

पुढे काय झालं म्हणजे यश आलं, सत्कार झाला, पुस्तक निघालं, हे भाच्याने धरूनच टाकलं. मंचावर उभ्या असलेल्या माणसाच्या गोष्टीला दुसरा शेवट कसा असणार?

शिवाय चहाची टेबलं मांडायची होती नेमकी त्या कपाटाच्या जागी. ग्रंथपाल धावत आले, आता उचला म्हणाले. बघतात तर वकील गायब. तिघांनीच कपाट वर नेलं. वर खोलीचं दार अरुंद. ते बिजागऱ्यांतून काढावं लागलं, कपाट आत घालून पुन्हा बसवावं लागलं. घामाघूम होऊन भाचा खाली आला, तेव्हा लोक बाहेर पडत होते. शेवटी टाळ्या वाजल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. चहाने सुस्तावले असतील, असं त्याला वाटलं. गर्दीतून वकील आला. कपाट उचलायच्या वेळी कुठे उलथला होतास, असं पैलवानाने विचारलं, तर आत बसलो होतो, पंखा छान होता, एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये तो अगदी गप्प होता. भाच्याला हे विचित्र वाटलं नाही. सोयीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरायच्या आधी भाच्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं. आजपासून जिन्यात फक्त मुकादम बोलेल. उचला मुकादम म्हणेल आणि टेकवाही मुकादमच म्हणेल. गटाला तोंड एकच.

“पण बाईंनी पुढे जे सांगितलं,” वकिलाने सुरुवात केली, “चहानंतर...”

“तोंड एकच, वकील,” भाचा म्हणाला, “आणि ते तुझं नाही.”

पैलवान हसला. वकिलाने तोंड उघडलं, मिटलं आणि मामांकडे पाहिलं. मामा कमरेचा पट्टा आवळत होते. एक बोलणं अर्ध्यावर सोडून वकील दुसऱ्याकडे बघतोय, हे टोळीने प्रथमच पाहिलं होतं.

“मुकादम सांगतोय ते ऐका,” मामा म्हणाले. पट्टा नीट बसला होता, तरी त्यांनी तो सोडून पुन्हा आवळला.

भाच्याला हवं होतं ते मिळालं. त्या दिवसापासून ‘उचला’ म्हटलं की वस्तू उचलली जाऊ लागली. मामांकडे कुणी बघेना, कारण मामा स्वतःच खाली बघू लागले. वकिलाच्या नाकावर माशी बसली तर तो नाक मुरडून, फुंकर मारून तिचा बंदोबस्त करी, पण हूं की चूं करत नसे. कामं झटपट उरकू लागली. मालकीणबाईंनी, ज्यांनी आजवर टोळीची तारीफ केल्याचा पुरावा नव्हता, फोन करून ‘आता बरं चाललंय’ असं कळवलं. भाच्याने हा नियम घरीही लावून पाहिला. बायको म्हणाली, तोंड एकच ठेवायचं असेल तर जेवायलाही एकच ठेवू, आणि त्याचं ताट उचललं. घरातला प्रयोग तिथेच आटोपला.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. वकील आणि पैलवान त्याला ‘अहो मुकादम’ म्हणू लागले होते. ‘तुम्ही’ म्हणत होते. प्रथम त्याला ते मानाचं वाटलं. मग एकदा डबे उघडल्यावर तिघं एका पायरीवर बसले होते आणि त्याच्यासाठी वरची पायरी रुमालाने पुसून ठेवलेली होती. तो तिथे बसला. भाजी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

मग दातांच्या डॉक्टरांची खुर्ची आली.

डॉक्टर दवाखाना बंद करत होते. खुर्ची जुनी, लोखंडी बैठकीची. दिसायला आरामखुर्ची, वजनाला रणगाडा. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने उतरवायची. जिना अरुंद, वळणाचा, पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. वरच्या बाजूला भाचा आणि वकील, खालच्या बाजूला मामा आणि पैलवान. सामान उतरवताना सगळं वजन खालच्यांवर येतं, आणि वळणावर ते आतल्या बाजूच्या माणसावर येतं. आतल्या बाजूला मामा होते. ती त्यांचीच जागा, पहिल्यापासून. बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टर वरून ‘जपून हां, जपून’ म्हणत होते. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेल्या त्या माणसाचं एकट्याचंच तोंड त्या जिन्यात उघडं होतं. भाच्याला वरून मामांचं फक्त टक्कल दिसत होतं. त्यावर घाम होता. पण घाम सगळ्यांनाच होता. दुसऱ्या वळणापाशी खुर्ची जराशी डोलली. भाचा म्हणाला, “थांबायचं नाही, चला.” मामांचं डोकं किंचित वर झालं, जणू काही म्हणणार आहेत, आणि पुन्हा खाली गेलं.

तीन पायऱ्या खाली मामांचा गुडघा दुमडला. मग ती खुर्ची कुणाच्याच हातात राहिली नाही.

मामा ओरडले नाहीत. लोखंडी बैठक त्यांच्या मांडीवर होती, उजवा हात बैठकीच्या आणि कठड्याच्या मधे होता. तिघांनी मिळून खुर्ची उचलली, आणि त्या एकाच वेळी ती कापसासारखी हलकी लागली. डॉक्टर पायरीवर बसून मामांचा डावा हात धरून होते. आता तेही काही म्हणत नव्हते.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं की मांडीचं हाड जुळेल, काठीने चालता येईल. हाताच्या पकडीचं मात्र सांगता येत नाही, सामान-बिमान विसरायचं. भाचा बाकावर बसून होता. बऱ्याच वेळाने वकील येऊन शेजारी बसला. दोघंही समोरच्या भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र बघत राहिले.

“मला दिसत होतं,” वकील म्हणाला. “दुसऱ्या वळणाच्या आधीच त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी तुमच्या बाजूला होतो, पण कोपऱ्यातून मला त्यांचा हात दिसत होता.”

भाचा चित्रातल्या हातांची बोटं मोजत राहिला.

मग वकिलाने त्याला व्याख्यानाचा उत्तरार्ध सांगितला. चहानंतर बाई बसून बोलल्या होत्या, उभं राहून नव्हे. तुकडी दोराला बांधून बर्फावरून चालली होती. सगळ्यांत मागच्या माणसाला पुढे बर्फ खचत असलेला दिसला. त्याच्या जागेवरूनच तो दिसण्यासारखा होता. पुढे चालणाऱ्या बाईंना दिसणं शक्य नव्हतं. तो काही बोलला नाही. मधला एक जण गेला. नंतर बाईंनी त्या मागच्या माणसाला विचारलं, बाबा रे, दिसत होतं तर ओरडला का नाहीस? तर तो म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, मी तोंडं बंद केली तेव्हा डोळेही बंद झाले, हे मला एवढी किंमत देऊन कळलं, आणि पुस्तक त्यासाठी लिहिलंय. सभागृहात टाळी पडली नाही. लोक उठून गेले.

 भाच्याचा आवाज चढला. “मग हे तू मला दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस?”

या प्रश्नाचं उत्तर नुकतंच देऊन झालं होतं, म्हणून वकिलाने ते पुन्हा दिलं नाही. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. भाचाही मग त्याच्या बुटांकडे बघू लागला.

मामी आतून आल्या. त्यांनी भाच्याला काही टाकून बोलायला हवं होतं, म्हणजे त्याला बरं वाटलं असतं. त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे नळ खाली होता. पहिल्या दिवशी बादली घेऊन जिना चढत होते, तर हे म्हणाले, जड झालं की टेकव म्हणायचं, लाजायचं नाही. संसारात मला या माणसाने शिकवलेली ही एक गोष्ट. आणि स्वतःच्या वेळी तोंड शिवून बसला.” मग डोळे न पुसता म्हणाल्या, “जा आत. तुलाच विचारतायत.”

मामांनी विचारलं ते खुर्चीबद्दल. खुर्चीला काही झालं का? नाही झालं, भाचा म्हणाला, एक ओरखडा नाही. मामांना समाधान वाटलं. मग भाच्याने विचारायचं ते विचारलं. मामा, तुम्ही का नाही म्हटलंत?

मामा भिंतीकडे वळले. “पाणी दे,” म्हणाले.

भाच्याने पेला त्यांच्या ओठांना लावला. पाणी पिऊन झालं. आता पुन्हा विचारायला जुन्या नियमाचीही हरकत नव्हती. भाच्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला आणि पैलवानाला सांगितलं की चूक माझी होती, नियम गेला, आता पहिल्यासारखं ज्याला वाटेल त्याने टेकव म्हणायचं.  दोघांनी ऐकून घेतलं. बरं, मुकादम, असं पैलवान म्हणाला, आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

आणि कुणीच म्हणेना. भाच्याने बदली माणूस घेतला, कामं चालू राहिली, जिने चढले-उतरले गेले, पण तो शब्द काही उमटेना. वकिलाच्या हाताला रग लागली तर तो दात आवळी. त्याच्या नाकावर माशी बसे, इकडून तिकडे फेरफटका मारी आणि आपणहून उडून जाई. भाचा वरून वाट बघे, की आता म्हणेल, आता म्हणेल. एकदा तर न राहवून त्याने विचारलं, टेकवू या का? नको मुकादम, वकील म्हणाला, तुम्ही म्हणाल तेव्हा. माणसांच्या तोंडातला शब्द काढून घ्यायला एक सकाळ पुरली होती. परत द्यायला गेला, तर घ्यायला कुणी हात पुढे करेना. पैलवान दुसरीकडे काम बघतोय, असंही त्याच्या कानावर आलं. मामा बरे होतील न होतील. पण मामांनी उभी केलेली टोळी आपल्या हातून गेली, हे भाच्याला आता दिवसाउजेडी दिसत होतं.

मामांना घरी सोडलं तो दिवस सुट्टीचा होता. मामांचं घर वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान चढवणाऱ्याने स्वतः असं घर घ्यावं, यावर टोळीत पूर्वी पुष्कळ विनोद झाले होते. भाच्याने कुणाला बोलावलं नव्हतं. बोलवायचं कोणत्या तोंडाने, असं म्हणून तो बदली माणसाला फोन लावत होता. तेवढ्यात ट्रक येऊन उभा राहिला. पैलवान उतरला, वकील उतरला. दोघांनी मामांना नमस्कार केला, भाच्याला केला नाही, आणि हातांची लाकडी खुर्ची उतरवली.

मामांना खुर्चीत बसवून छातीवरून पट्टा आवळला. “मोडेल असं सामान आहे,” मामा म्हणाले. “कडेला पुठ्ठा लावा.” कुणी हसलं नाही म्हणून ते स्वतःच थोडं हसले.

सामान चढवतानाही वजन खालच्यावर येतं. वर, खुर्चीच्या पाठीला, वकील आणि पैलवान. खाली भाचा एकटा. खुर्ची मागे कललेली, त्यामुळे मामांचं तोंड त्याच्याकडे, आणि प्लास्टरमधला पाय त्याच्या कानाशेजारून मागे गेलेला. मामी पिशव्या घेऊन पुढे गेल्या होत्या. ‘उचला’ म्हणायचं होतं. भाच्याने मामांकडे पाहिलं. पाहिल्यावर त्याला कळलं की आपण पाहिलं. मामांनी मान हलवली. खुर्ची उचलली गेली.

पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यात भाच्याची मनगटं जळायला लागली. घामाने लाकूड निसटू लागलं. त्याने पकड बदलायचा प्रयत्न केला, ती बदलेना. वर पाहिलं, वकिलाचा जबडा, पैलवानाची नजर पुढच्या वळणावर. एवढं वळण झालं की पुढे सोपं आहे, असं त्याच्या मनात आलं. एवढं वळण. मग त्याला वाटलं, आता म्हटलं तर हे म्हणतील, मुकादमालाच झेपेना. मग वाटलं, जाऊ दे, थोडंच राहिलंय. आणि पायरी चढता चढता त्याला लख्ख समजलं की हॉस्पिटलमध्ये जे विचारलं होतं त्याचं उत्तर हेच आहे. त्या दिवशी त्या टकलाखाली हेच चाललं असणार. नियम असो वा नसो, खालच्याला हे म्हणणं जड जातं, म्हणूनच तर मामांनी इतकी वर्षं त्या शब्दाला जपलं, वकिलाच्या माशीसकट जपलं. आणि आपण तोच नेमका काढून घेतला.

मामा त्याच्या बोटांकडे बघत होते. त्यांना दिसत होतं. ते काही म्हणत नव्हते. सामान बोलत नसतं.

“टेकव,” भाचा म्हणाला.

आवाज एवढा बारीक आला की त्याचा त्यालाच ऐकू आला की नाही, शंका होती. पण खुर्ची टेकली. वरच्या दोघांनी ती अशी अलगद टेकवली की मामांच्या पायाला धक्का लागला नाही. भाचा पायरीवर बसला, हात मांडीवर उपडे ठेवून. हात थरथरत होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते. कुणी काही विचारलं नाही. पैलवानाने पिशवीतून बाटली काढली, आधी मामांना दिली, मग भाच्याला. वकील सगळ्यात शेवटी प्यायला. जिन्यात कुणाच्या तरी घरातला नळ गळत होता, तेवढाच आवाज.

पाणी पिऊन झालं. भाचा उठला. “उचला.”

पुढच्या वळणावर, मनगटं पुन्हा पेटायच्या आत, वरून आवाज आला. “टेकव.”

खुर्ची टेकली. वकिलाने दोन्ही हात मोकळे केले आणि सावकाश, साग्रसंगीत, नाक खाजवलं. पैलवानाने बाटली काढली. वकिलाने घोट घेतला, तोंड पुसलं आणि खाली बघत म्हणाला, “तुझ्या उपकाराने नाही हां, भाच्या. खरंच खाजत होतं.”

भाच्याने मान खाली घातली, कारण वर करण्यासारखी ती नव्हती.

तिसरा मजला आला. मामींनी दार उघडून ठेवलं होतं. खुर्ची उंबऱ्याच्या आत, खिडकीशी नेऊन ठेवली. पैलवानाने पट्टा सोडला. भाचा प्लास्टरच्या पायाखाली उशी सरकवत होता, तेव्हा मामा म्हणाले, “टेकव.”

सगळे थांबले. “मामा, टेकवलंय,” पैलवान म्हणाला. “घरी आलोय आपण.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “हे त्या दिवशीचं.”

कुणी काही विचारलं नाही. भाचा गुडघ्यावर बसलेला होता, तसाच बसून राहिला, एक हात उशीखाली. मामी आत गेल्या आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या.